लहान ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून स्टॉकिंग्ज: किती दिवस, कोणते, आणि मधुमेह असेल तर?

रानजाई

नमस्कार. आईचं (वय ५४) दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन काल सकाळी पुण्यात झालं. साधारण एक तास लागला. उद्या घरी सोडणार आहेत. तिची उंची १५५ सेंमी, वजन ७६ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्यांवर आहे. दोन्ही पोटऱ्यांवर निळ्या फुगलेल्या शिरा आहेत, त्यांचा त्रास काही नाही. रात्री तळव्यांना मुंग्या येतात, ही तक्रार मात्र बरेच दिवस आहे.

"पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून स्टॉकिंग्ज आणा आणि चालवत राहा," एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. खालच्या मेडिकलमधून मांडीपर्यंतचे, एम साइझचे आणले. माप कुणी घेतलं नाही. वरची कड सारखी गुंडाळत खाली येते आणि मांडीवर लाल वळ उठलाय.

हे मोजे रात्री ठेवायचे का? किती दिवस घालायचे? गुडघ्यापर्यंतचे चालतील का? आणि परवा गाडीने चिपळूणला न्यायचं आहे, पाच-सहा तासांचा प्रवास आहे. तो करावा का?

सर्जिकल वॉर्ड

आधी मोजे काढा आणि दोन्ही पाय चांगल्या उजेडात बघा. टाचेची मागची बाजू, घोट्यांची हाडं, नडगीची धार, पावलाची वरची बाजू आणि तो मांडीवरचा वळ. वळावर बोट दाबा. दाबल्यावर जागा फिकी पडून बोट उचलताच पुन्हा लाल झाली, तर कातडीखालचा रक्तप्रवाह चालू आहे आणि तासाभरात वळ जायला हवा. दाबूनही लालच राहिली, जांभळट दिसली किंवा फोड आला, तर ती दाबाच्या जखमेची सुरुवात समजा आणि ड्यूटीवरच्या सिस्टरना लगेच दाखवा.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: तळव्यांच्या मुंग्या. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या असतील, तर मोजा कुठे काचतोय हे पेशंटला कळतच नाही. आपल्याला टोचलं की आपण मोजा सारखा करतो. त्यांना टोचत नाही, म्हणून तो तसाच राहतो आणि टाचेची जखम मोजा काढल्यावरच दिसते. मधुमेही टाचेवरची जखम भरायला महिने लागू शकतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हे मोजे कुणाला देऊ नयेत याची यादी आहे आणि पायाची संवेदना कमी असलेले रुग्ण त्या यादीत आहेत. शिवाय पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा कमी असलेले, पायाचं बायपास झालेले, कागदासारखी नाजूक कातडी किंवा चिघळलेला त्वचारोग असलेले, नुकतंच स्किन ग्राफ्ट झालेले, पायांना खूप सूज असलेले आणि ज्यांच्या पायाचा आकार मोज्यात नीट बसणारच नाही असे.

म्हणून डिस्चार्जच्या आधी दोन तपासण्या मागून घ्या. दोन्ही खाटेवरच होतात. एक, दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटची. नायलॉनचा धागा तळव्याला ठरावीक ठिकाणी टेकवतात आणि पेशंटने डोळे मिटून 'लागलं' म्हणायचं असतं. दुसरी, पायाच्या नाड्या: पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे. नाडी हाताला लागत नसेल, तर घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब असं गुणोत्तर डॉप्लरने (रक्तप्रवाह टिपणाऱ्या ध्वनिलहरींच्या यंत्राने) काढतात. ते ०.८ च्या खाली असेल तर तज्ज्ञाने बघितल्याशिवाय मोजे घालू नयेत. मधुमेहात एक फसगत असते. धमन्या कडक झाल्या की हा आकडा १.३ च्या वर जातो आणि रक्तपुरवठा उत्तम असल्यासारखा भासतो. तसा आकडा आला तर त्यावर भरवसा ठेवत नाहीत. घरात तंबाखू, विडी, मिश्रीची सवय असलेलं कुणी असेल, तर त्यांच्याही बाबतीत नाड्या बघितल्याशिवाय मोजे नकोत.

या तपासण्या होईपर्यंत मोजे बाजूलाच असू देत. चालणं मात्र थांबवू नका.

भूलतज्ज्ञ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी धोक्याच्या बाजूने लिहितो, कारण 'लहान ऑपरेशन' या शब्दावर बरेच जण निर्धास्त होतात.

पोटावरची भोकं अर्ध्या-एक सेंटिमीटरची असली तरी शिरांच्या दृष्टीने हे ऑपरेशन तितकं लहान नसतं. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. पित्ताशयाच्या वेळी टेबल डोक्याकडून उंच करतात. पोटातला दाब वरून आणि पाय खाली, त्यामुळे पायातलं रक्त वर चढायला अडखळतं. भूल दिल्यामुळे पोटरीचे स्नायू सैल असतात, म्हणजे रक्त वर ढकलणारा पंपही बंद. वर ऑपरेशनच्या इजेमुळे शरीर काही दिवस रक्त लवकर गोठवण्याच्या पवित्र्यात असतं. साचलेलं रक्त, शिरेच्या भिंतीची इजा आणि गोठण्याकडे कल या तीन गोष्टी एकत्र आल्या की गुठळी होते. जर्मन वैद्य रुडॉल्फ व्हिर्खो यांच्या नावाने हे त्रिकूट ओळखलं जातं.

आता तुमच्या आईचा हिशेब. कॅप्रिनी नावाची एक गुणपद्धत बरीच रुग्णालयं वापरतात. वय ४१ ते ६० ला १ गुण. वजन-उंचीचा निर्देशांक २५ च्या वर (आईंचा साधारण ३१.६ येतो) १ गुण. फुगलेल्या शिरा १. दुर्बिणीचं ऑपरेशन ४५ मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर २. एकूण ५. तीन-चार म्हणजे मध्यम, पाच आणि पुढे म्हणजे जास्त धोका. हेच ऑपरेशन ३० मिनिटांत आटोपलं असतं तर शस्त्रक्रियेचा १ गुण धरून बेरीज ४ झाली असती. घरात आधी कुणाला गुठळी झाली असेल तर एकदम ३ गुण वाढतात, म्हणून आजोबा, मावशी, मामा यांचीही चौकशी करा.

पाच गुण आले म्हणजे इंजेक्शन द्यायलाच हवं असं नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर गुठळीचं प्रमाण मुळात कमी असतं आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाने यकृताच्या बाजूला रक्तस्राव होण्याची भीती सर्जनला तोलावी लागते. पण हा प्रश्न सर्जनना स्पष्ट विचारा: "गुण पाच येतात, मुंग्यांमुळे मोजे कदाचित चालणार नाहीत, तर हेपॅरिनचं इंजेक्शन द्यायचं का आणि किती दिवस?" क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट हातात ठेवा. यासाठी नेहमी वापरतात ते एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड अशक्त असेल तर डोस कमी करावा लागतो.

मोज्यांची उपयुक्तता किती, हेही सांगतो. ब्रिटनमध्ये १,९०५ रुग्णांवर झालेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला 'गॅप्स' नावाचा अभ्यास आहे. मध्यम आणि जास्त धोक्याच्या नियोजित शस्त्रक्रियांत अर्ध्यांना फक्त इंजेक्शन, अर्ध्यांना इंजेक्शन आणि मोजे दिले. गुठळ्या १.७ टक्के आणि १.४ टक्के, फरक नगण्य. म्हणजे इंजेक्शन चालू असताना मोजे नाहीत म्हणून काही मोठं गमावलं असं होत नाही.

अजून एक, आईंना कदाचित लागू नसेल पण हा धागा इतर जण वाचतील म्हणून. गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी गेल्यानंतरच्या हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर नियोजित ऑपरेशनच्या चार आठवडे आधी त्या बंद करण्याचा विचार डॉक्टर करतात. पूजा, लग्न, गणपती यासाठी पाळी पुढे ढकलायला घेतात त्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्यांचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे रक्त गोठण्याकडे कल वाढवणाऱ्या हार्मोनमध्ये, बदलतो. "औषधं कोणती चालू?" या प्रश्नाला बायका त्या गोळ्या सांगत नाहीत, कारण त्यांना ते औषध वाटतच नाही. भूल देण्याआधी सांगा.

कृष्णाकाठ

याच धाग्यावर विचारतो. वडिलांचं (वय ६२) हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. मधुमेह नाही, व्यसन नाही, नाड्या तपासल्या, ठीक आहेत. सर्जननी गुडघ्यापर्यंतचे मोजे सांगितलेत. दुकानदार म्हणतो व्हेरिकोजचे (फुगलेल्या शिरांसाठीचे) क्लास दोनचे घ्या, ते जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगले. शेजारी म्हणतात क्रेप बँडेज गुंडाळा, स्वस्तात होईल. माप कसं घ्यायचं आणि घालायचे कसे?

मोजमाप

क्लास दोन नको. ऑपरेशननंतरच्या मोज्यांवर 'अँटी-एम्बोलिझम' (गुठळीविरोधी) किंवा 'डीव्हीटी' (पायाच्या खोल शिरेतली गुठळी) असं लिहिलेलं असतं आणि दाब घोट्याशी साधारण १८ मिलिमीटर पारा, वर जाताना कमी कमी होत पोटरीशी १४ च्या आसपास. हे झोपून असलेल्या माणसासाठी बेतलेले असतात. व्हेरिकोजचे क्लास दोन जर्मन मानकाप्रमाणे २३ ते ३२ चे असतात आणि उभ्या, चालत्या माणसासाठी असतात; झोपलेल्या पायावर तेवढ्या दाबाची गरज नसते आणि कातडीला त्रास होतो. ब्रिटिश आणि जर्मन मानकांत क्लासचे आकडे वेगळे आहेत, त्यामुळे खोक्यावरचा क्लास वाचण्यापेक्षा मिलिमीटरचा आकडा वाचा.

क्रेप बँडेज तर अजिबात नको. दाब गुंडाळणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो, दर वेढ्याला वेगळा. दोन तासांत ते घसरतं आणि गुडघ्याखाली दोरीसारखं जमा होतं. खाली कमी दाब आणि वर जास्त, म्हणजे रक्त वर जाण्याऐवजी खालीच अडतं. गुंडाळलेल्या मोज्याचंही हेच होतं. कड दुमडली की तेवढ्या पट्टीत कापडाचे थर वाढतात आणि दाबही वाढतो. रानजाई यांच्या आईच्या मांडीवरचा वळ त्यातूनच आला आहे. मांडीपर्यंतचे मोजे जाड मांडीवर हटकून गुंडाळतात आणि ऑपरेशननंतरच्या रुग्णांत ते गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांपेक्षा सरस आहेत असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. बसणारा गुडघ्यापर्यंतचा मोजा घसरणाऱ्या लांब मोज्यापेक्षा केव्हाही बरा.

माप सकाळी, अंथरुणातून उठायच्या आत घ्या. संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो आणि माप चुकतं. शिंप्याची टेप घ्या, कातडीला टेकवा, आवळू नका. तीन मापं: घोट्याच्या हाडांच्या वर सगळ्यात बारीक भागाचा घेर, पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचा घेर आणि टाचेच्या तळापासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची लांबी. दोन्ही पायांची वेगवेगळी घ्या. पाय सारखे नसतील तर दोन साइझचे दोन मोजे घ्यावे लागतात. मग खोक्यामागचा तक्ता बघा. दर कंपनीचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे एकीचा 'एम' तो दुसरीचा 'एम' असेलच असं नाही. घोटा एका साइझमध्ये आणि पोटरी दुसऱ्या साइझमध्ये पडली तर अंदाजाने घेऊ नका, दुसऱ्या कंपनीचा तक्ता बघा.

घालताना पाय कोरडा हवा. तेल, व्हॅसलिन, क्रीम लावून लगेच घालू नका. मोजा सरकतही नाही आणि त्यातलं रबरही खराब होतं. क्रीम लावायचं तर रात्री मोजे काढून पाय धुतल्यावर लावा आणि कोरडं होऊ द्या. मोज्यात हात घालून टाचेचा खळगा आतून चिमटीत धरा आणि तिथपर्यंतचा मोजा उलटा करा. पाऊल आत सरकवा, टाच बरोबर टाचेच्या खळग्यात बसवा. हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं, कारण घोट्यासाठी विणलेला घट्ट भाग भलतीकडे जातो. मग उलटलेला भाग थोडा थोडा वर सोडा. वरची कड धरून ओढू नका. तळहाताने कापड वर सरकवत न्या. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली मिळते आणि नखंही लागत नाहीत. पाऊल अडत असेल तर आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी पायावर चढवा, मोजा घोट्यापर्यंत आला की बोटांच्या बाजूच्या उघड्या भागातून ती ओढून काढा. शेवटी कड गुडघ्याच्या लवणीपासून दोन बोटं खाली राहिली पाहिजे. लांबी जास्त झाली तर दुमडायची नाही. कापड खाली पोटरीवर सारखं पसरवा, तरीही जास्त राहत असेल तर साइझ चुकली आहे. सुरकुती कुठेही नको, खास करून घोट्याच्या पुढे.

हर्नियाच्या पेशंटला पहिले काही दिवस वाकता येत नाही. घालून द्यायला घरात कुणी तरी हवं, हे ऑपरेशनच्या आधीच ठरवा.

बोटांच्या बाजूला जी खिडकी ठेवलेली असते, ती बघण्यासाठी आहे. बोटं निळी, पांढरी किंवा थंड पडली, मुंग्या आल्या, दुखायला लागलं तर मोजा काढायचा, उद्याची वाट बघायची नाही. दोन जोड घ्या. कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत वाळवा. ब्लीच, फॅब्रिक कंडिशनर, इस्त्री, कडक ऊन यांनी ताण जातो, आणि ताण गेलेला मोजा हा साधा मोजा.

सर्जिकल वॉर्ड

दिवस-रात्रीचा प्रश्न राहिला. हे मोजे दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा घालायचे असतात, कारण रात्रीच पाय स्थिर असतात. रोज एकदा अंघोळीच्या वेळी काढून पाय धुवायचे आणि टाच बघायची; अर्ध्या तासात परत घालायचे. कातडी नाजूक असेल किंवा पेशंट जवळजवळ पडूनच असेल तर दिवसातून दोन-तीन वेळा काढून बघायचं. किती दिवस, याचं उत्तर कॅलेंडरमध्ये नाही: पेशंट पूर्वीइतका हिंडूफिरू लागेपर्यंत. हर्निया-पित्ताशयात बहुतेकांना ते एक-दोन आठवड्यांत जमतं.

चालणं म्हणजे काय, हेही सांगायला हवं. "चालवतोय" म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत पेशंट खाटेवरून खुर्चीवर येतो आणि तिथेच चार तास बसतो. खुर्चीत पाय लोंबकळत बसणं हे पडून राहण्याइतकंच वाईट. जागेपणी दर तासा-दीड तासाने उठून पाच-दहा मिनिटं घरात फिरायचं. मधल्या वेळात पावलं आपल्याकडे ताणायची आणि मग खाली दाबायची, दर तासाला १५-२० वेळा, पोटरी कडक होऊन सुटली पाहिजे. गुडघ्याखाली उशी ठेवू नका, लवणीतली शीर दाबली जाते. पाय उंच करायचे तर पोटरीखाली लांबट उशी ठेवा, टाच अधांतरी. जमिनीवर मांडी घालून फार वेळ बसणंही सध्या टाळा. दुखतं म्हणून पेशंट उठत नसेल तर वेदनाशामक वेळेवर द्या. दुखणं सहन करत पडून राहण्यात फायदा काहीच नाही. जुलाब-उलट्या नसतील आणि हृदय-मूत्रपिंडाची मनाई नसेल तर पाणी भरपूर.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोन्ही तपासण्या झाल्या. नाड्या छान लागतात. पण डाव्या अंगठ्याला आणि त्याच्या खालच्या जागी धागा टेकवलेला आईला कळलाच नाही. सर्जननी मोजे बंद केले. क्रिएटिनिन व्यवस्थित आहे. एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅमची इंजेक्शनं दिवसातून एक, सात दिवस लिहून दिली आहेत. पोटात घरीच द्यायची म्हणतात. टाके असलेल्या पोटात कुठे टोचायचं? आणि प्रवासाचं काय?

भूलतज्ज्ञ

निर्णय योग्य वाटतो. इंजेक्शन असं द्या.

वेळ एकच ठेवा, उदाहरणार्थ रात्री आठ. बेंबीपासून किमान पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन-चार बोटं बाजूला, पोटाच्या डाव्या किंवा उजव्या कडेला. रोज बाजू आणि जागा बदला. पित्ताशयाच्या ऑपरेशनात उजवीकडे भोकं जास्त असतात, त्यामुळे तिथे खाली, टाक्यांपासून आणि काळ्यानिळ्या डागांपासून दूर जागा शोधा. कातडी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. भरलेल्या सिरिंजमध्ये एक हवेचा बुडबुडा दिसतो. तो काढू नका, काढायला गेलात तर औषधाचे थेंब वाया जातात. अंगठा आणि तर्जनीत कातडीची घडी धरा, सुई सरळ ९० अंशात पूर्ण आत घाला, दट्ट्या सावकाश दाबा आणि सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडू नका. नंतर चोळू नका. चोळल्यानेच मोठा निळा डाग पडतो. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका आणि डबा पुढच्या तपासणीला परत न्या.

या सात दिवसांत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन स्वतःहून द्यायचं नाही. काळी शौच, टाक्यातून न थांबणारं रक्त, पोट फुगून दुखणं, चक्कर, यातलं काहीही दिसलं तर इंजेक्शन थांबवून लगेच सर्जनला फोन.

प्रवास दोन-तीन दिवस पुढे ढकलता आला तर उत्तम. नाहीच जमलं तर पुढच्या सीटवर, सीट मागे सरकवून, पाय लांब होतील असं बसवा. दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चालवा. घाटात थांबायला जागा नसते, म्हणून घाट लागायच्या आधी थांबा. सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये छोटी उशी ठेवा. वारंवार लघवीला उतरावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं, असं बायका करतात. आईंना तसं करू देऊ नका.

कृष्णाकाठ

मोज्यांचं नीट समजलं, आभारी आहे. एक शंका. दहा-बारा दिवस सगळं ठीक गेलं की धोका संपला असं धरायचं का?

भूलतज्ज्ञ

नाही. ब्रिटनमधल्या साडेनऊ लाखांच्या आसपास मध्यमवयीन स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुठळीचं प्रमाण ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात सर्वाधिक होतं आणि १२ आठवड्यांपर्यंत वाढलेलं राहिलं. रुग्णालयात राहून झालेल्या ऑपरेशननंतर बारा आठवड्यांत १४० मध्ये एकीला, त्याच दिवशी घरी गेलेल्यांत ८१५ मध्ये एकीला, आणि ऑपरेशन न झालेल्यांत तेवढ्याच काळात ६,२०० मध्ये एकीला गुठळी झाली. म्हणजे डे-केअर ऑपरेशननंतर प्रमाण कमी असतं, शून्य नसतं. आणि टाके निघून माणूस कामाला लागल्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

रानजाई

गावी पाय दुखला की तेल लावून चोळायची पद्धत आहे. आजी करणारच. चालेल का?

सर्जिकल वॉर्ड

दोन्ही पाय चालून थकलेले, दुखणं दोन्हीकडे सारखं, सूज नाही, असं असेल तर हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. एकच पाय दुखत असेल तर चोळायचा नाही, शेकायचाही नाही. गुठळी असेल तर चोळण्याने तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात जाण्याची भीती असते. हे आजींना आजच समजावून सांगा.

एका पोटरीत गोळा आल्यासारखं दुखणं, तिथे गरम लागणं, लालसर दिसणं, एका पायाची सूज, यातलं काहीही दिसलं तर टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचे घेर मोजा. फरक तीन सेंटिमीटरहून जास्त असेल तर त्याच दिवशी शिरांची डॉप्लर सोनोग्राफी करा. फरक कमी आहे पण दुखतंय, तरीही डॉक्टरना दाखवा. डी-डायमर नावाची रक्ततपासणी ऑपरेशननंतर काही आठवडे तशीही वाढलेली येते, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवण्यापेक्षा सोनोग्राफीच मागा. अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त किंवा भोवळ आली तर पाय मोजत बसू नका, १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: "ऑपरेशन झालेलं आहे, श्वास लागतोय."